कल्पना चावला ‘आपली’ कधी झाली?

 

आज आपण कल्पना चावलाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, तिच्याबद्दल काय नवीन सांगणार? शाळेच्या पुस्तकात तिचा धडा असतो, फेब्रुवारी महिना आला की फोटो फिरतात. खरं आहे. पण त्या धड्यात एक प्रश्न सहसा येत नाही. तोच प्रश्न आज धरायचा आहे.

सुरुवात तिच्या जन्मतारखेपासून करू, कारण तिला दोन जन्मतारखा आहेत. घरच्या हिशेबाने ती १७ मार्च १९६२ ला जन्मली. कागदावर मात्र १ जुलै १९६१. मॅट्रिकच्या परीक्षेला बसायला वय कमी पडत होतं, म्हणून तारीख मागे नेली. आता हसू नका. आपल्या किती आजोबांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे, आठवून बघा. मास्तरांनी शाळेत घालताना लिहून टाकली की झाली ती जन्मतारीख! कल्पनाच्या बाबतीत ती कागदावरची तारीख हरियाणातल्या कर्नालमधून निघून थेट नासाच्या अधिकृत परिचयपत्रापर्यंत गेली.

नावाचंही तसंच. घरात तिला ‘मोंटो’ म्हणायचे. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा खरं नाव ठरलेलंच नव्हतं. दोन-तीन नावं डोक्यात होती, त्यातलं ‘कल्पना’ हे तिने स्वतःच निवडलं, असं घरचे सांगत.

म्हणजे तारीख सोयीची, नाव स्वतः निवडलेलं, आणि पुढे नागरिकत्वही स्वतः निवडलेलं. अशा बाईला आपण ‘आपली’ म्हणतो. ते कशाच्या जोरावर म्हणतो? हा आजचा प्रश्न आहे.

माणसं हलतात, सीमाही हलतात

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपण जबलपूरच्या मराठी माणसांनी जन्मभर ऐकलेला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठूनही ऐकत असाल तरी तुमच्याही ओळखीचा असेल. सातारचे, वाईचे, नागपूरचे असं काहीतरी उत्तर आपण देतो, आणि तिथे गेलो की तिथले लोक विचारतात, ‘तुम्ही एम.पी.चे का?’

आपली गोष्ट जरा गमतीची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा भाग मराठ्यांकडे आला, मग नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे सी.पी. अँड बेरार प्रांतात नागपूर आणि जबलपूर एकत्र होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, आणि नागपूरचं हायकोर्ट जबलपूरला आलं. त्या दिवशी इथल्या कित्येक मराठी घरांनी सामानसुद्धा हलवलं नाही, तरी ती परप्रांतात गेली. माणूस जागेवर आणि सीमा चालत गेली.

कर्नालचंही असंच झालं. कल्पना जन्मली तेव्हा कर्नाल पंजाबात होतं. १ नोव्हेंबर १९६६ ला हरियाणा वेगळा झाला आणि चार वर्षांची मोंटो घर न सोडता हरियाणवी झाली.

पण तिच्या घराने त्याआधी एक खरी सीमा ओलांडली होती. तिचे वडील बनारसीलाल चावला फाळणीत पश्चिम पंजाबातून इकडे आले. १९४७ च्या त्या उलथापालथीत एक कोटीहून जास्त माणसं घरादाराला मुकली. बनारसीलालांनी आधी रस्त्यावर लहानसहान वस्तू विकल्या, मग पेट्या बनवल्या, मग टायरच्या धंद्यात शिरले. त्यासाठी लागणारी यंत्रं त्यांनी खटपट करून इथेच तयार केली आणि कारखाना उभा केला.

निर्वासित घरातल्या मुलांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही: आज आहे ते उद्या नसेल. काही घरं त्यामुळे घाबरून मुलांना जवळ बांधून ठेवतात. काही घरांत उलट होतं, तिथे ‘पुन्हा शून्यापासून’ या शब्दाची भीतीच जाते. चावलांच्या घरात दोन्ही होतं. मुलीने इंजिनिअर होण्याला वडील सुरुवातीला राजी नव्हते. आई संज्योती मात्र तिच्या पाठीशी उभी राहिली.

कर्नालचं आकाश

कल्पनाला विमानं कुठून सुचली? उत्तर अगदी साधं आहे. कर्नालला फ्लाइंग क्लब होता. त्या काळी देशातल्या मोजक्याच गावांत असा क्लब असे. दुसऱ्या उड्डाणाआधी दिलेल्या मुलाखतीत तिने स्वतः सांगितलं आहे की आम्ही सायकली काढायचो आणि डोक्यावरून जाणारी विमानं कुठे जातात ते बघायचो. वडिलांना विचारून तिला आणि भावाला क्लबच्या पुष्पक विमानातून आणि ग्लायडरमधून एक चक्कर मारायलाही मिळाली.

त्याच मुलाखतीत तिने जे.आर.डी. टाटांचं नाव घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका छोट्या विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला उतरले. टाटांच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात. ही गोष्ट कर्नालच्या मुलीच्या मनात घर करून राहिली.

बघा, या दोन्ही गोष्टी किती जवळच्या आहेत. गावातला फ्लाइंग क्लब आणि देशातल्या एका माणसाचं उदाहरण. अंतराळ फार दूर होतं, पण विमानापर्यंत सायकलने जाता येत होतं.

टागोर बाल निकेतन, मग दयालसिंग कॉलेज, आणि मग चंदीगडचं पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज. तिथे तिने एरोनॉटिकल शाखा घेतली. मुलींनी ही शाखा घ्यायची नसते, असं समजावणारे भेटले. ती ऐकली नाही. १९८२ मध्ये पदवी हातात आली.

१९८२

आता या सालापाशी थोडं थांबू.

१९८२ मध्ये कल्पना अमेरिकेला गेली. टेक्सासमधल्या आर्लिंग्टन विद्यापीठात तिने एरोस्पेस इंजिनिअरिंगची पुढची पदवी घेतली. त्याच १९८२ मध्ये भारतात पहिल्या अंतराळवीराची निवड झाली. सोव्हिएत संघाच्या यानातून एक भारतीय जाणार होता. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा हे दोघे निवडले गेले, आणि एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले. दोघेही हवाई दलाचे वैमानिक. साहजिकच होतं, कारण निवड हवाई दलातूनच झाली.

पण त्या वेळी हवाई दलात एकही स्त्री वैमानिक नव्हती. असण्याची सोयच नव्हती. स्त्रियांची पहिली तुकडी वैमानिक म्हणून रुजू झाली ती १९९४ मध्ये. म्हणजे १९८२ मध्ये कर्नालची ही मुलगी देशातली सगळ्यात हुशार एरोनॉटिकल इंजिनिअर असती, तरी भारताच्या अंतराळवीरांच्या यादीत तिचं नाव येण्याचा रस्ताच अस्तित्वात नव्हता. कोणी तिला नाकारलं असं झालं नाही. तिने अर्ज करावा अशी खिडकीच नव्हती.

पुढे एकदा एक वेगळी खिडकी किंचित उघडली होती. इन्सॅट उपग्रह अमेरिकन शटलमधून सोडायचा आणि सोबत इस्रोचा एक इंजिनिअर पाठवायचा असं ठरलं. पी. राधाकृष्णन नायर आणि एन.सी. भट यांची निवड झाली. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर शटलचा स्फोट झाला आणि ती योजनाही बारगळली.

अमेरिकेत काय परिस्थिती होती? तिथेही आधी सगळे लष्करी वैमानिक आणि सगळे पुरुषच होते. पण शटल आलं तेव्हा त्यात वैमानिकांबरोबर शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर लागणार होते. त्यांच्यासाठी ‘मिशन स्पेशालिस्ट’ अशी नवी जागा निर्माण झाली. १९७८ मध्ये नासाने निवडलेल्या ३५ जणांत पहिल्यांदा सहा स्त्रिया होत्या. कल्पना टेक्सासला पोचली त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९८३ मध्ये, त्यांतली सॅली राइड अंतराळात जाऊन आली.

कल्पना पुढे आत शिरली ती याच वाटेने.

पासपोर्टचा रंग

१९८३ च्या अखेरीस तिने जाँ-पिएर हॅरिसनशी लग्न केलं. तो उड्डाणं शिकवायचा. तीही विमान चालवायला शिकली, आणि पुढे तीही प्रशिक्षक झाली. १९८८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात कामाला लागली.

तिचं काम काय होतं? काही लढाऊ विमानं धावपट्टी न घेता सरळ वर उठतात. त्या वेळी इंजिनाचा झोत जमिनीवर आपटतो, उलटा वर येतो आणि विमानाभोवतीची हवा विचित्र वागायला लागते. ती हवा कशी वाहील हे गणिताने, संगणकावर आधीच काढायचं. चिकाटीचं, डोकं शिणवणारं काम. १९९३ मध्ये ती एका छोट्या संशोधन कंपनीत उपाध्यक्ष झाली, तिथेही विषय हाच.

मधे १९९१ मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. नासाचा अंतराळवीर व्हायला अमेरिकन नागरिकत्व लागतं. आणि आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत १९९१ मध्ये कल्पना चावला भारतीय राहिली नाही.

तिच्या घरातलं हे दुसरं स्थलांतर. पहिल्या वेळी वडिलांचं गाव परक्या देशात गेलं, त्यांना कोणी विचारलं नाही. दुसऱ्या वेळी मुलीने स्वतः अर्ज भरला. दोन्हींमध्ये काहीतरी मागे राहिलंच. परदेशात गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना हे मी वेगळं सांगायला नको. आज आपल्या ओळखीत असं एक तरी घर आहे, जिथे तुळशीपाशी दिवा लावताना आधी तिकडे आता किती वाजले असतील याचा हिशेब होतो.

डिसेंबर १९९४ मध्ये नासाने जवळपास तीन हजार अर्जदारांमधून तिला निवडलं. भारतीय हवाई दलात स्त्री वैमानिकांची पहिली तुकडी दाखल झाली, तेही हेच वर्ष.

जेलम आणि कोलंबिया

१९ नोव्हेंबर १९९७ ला कोलंबिया शटल उडालं. कल्पना भारतात जन्मलेली पहिली अंतराळयात्री स्त्री ठरली. १५ दिवसांहून जास्त काळ, पृथ्वीभोवती २५२ फेऱ्या, एक कोटी किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास.

त्या उड्डाणात भारताचे पंतप्रधान तिच्याशी बोलले. पंतप्रधान होते इंद्रकुमार गुजराल. गुजरालांचा जन्म जेलमचा, पश्चिम पंजाबातला. तेही फाळणीने इकडे आणलेल्या घरातले. एका बाजूला दिल्लीत बसलेला निर्वासित, दुसऱ्या बाजूला निर्वासिताची मुलगी, आणि ती ज्या यानातून बोलत होती ते पृथ्वीभोवती फेऱ्या मारत होतं. वरून दोन देशांमधली सीमा ओलांडायला काही सेकंद पुरत होते.

पण हे उड्डाण नुसतं कौतुकाचं नव्हतं. त्यात एक अडचण झाली, आणि शाळेच्या धड्यात ती बहुधा नसते.

सूर्याचा अभ्यास करणारा ‘स्पार्टन’ नावाचा तेराशे किलोंहून जड उपग्रह यानाच्या यांत्रिक हाताने बाहेर सोडायचा होता. ते काम कल्पनाकडे होतं. २१ नोव्हेंबरला तिने तो सोडला. सोडल्यावर त्याने स्वतःभोवती ठरलेली गिरकी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. म्हणजे आत काहीतरी चालू झालेलं नव्हतं. तिने तो परत पकडायचा प्रयत्न केला, पकड बसली नाही आणि उपग्रह हळूहळू गरगरत दूर जायला लागला. तीन दिवसांनी विन्स्टन स्कॉट आणि जपानचे ताकाओ दोई यानाबाहेर गेले आणि त्यांनी तो अक्षरशः हातांनी पकडला.

झालं. पहिलंच उड्डाण, नवखी बाई, तीही बाहेरून आलेली. बोट कोणाकडे जाणार? चूक तिचीच असा सूर काही ठिकाणी लगेच लागला. स्थलांतरित माणसाला हे ठाऊक असतं. इथे जन्मलेल्याची चूक ही चूक असते, बाहेरून आलेल्याची चूक झाली की त्याच्या गावासकट हिशेब निघतो.

नासाने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. पाच महिने चौकशी केली. निष्कर्ष आला की दोष सॉफ्टवेअरच्या रचनेत आणि यानातल्या व जमिनीवरच्या लोकांसाठी ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत होता. कल्पनावर ठपका आला नाही. तिला अंतराळवीरांच्या कार्यालयात जबाबदारीची तांत्रिक कामं मिळाली, आणि २००० मध्ये पुन्हा उड्डाणासाठी निवडही झाली. आधी चौकशी पूर्ण करायची आणि मग बोलायचं, ही शिस्त साधी वाटते. आपल्या ऑफिसांत, आपल्या घरांत ती किती पाळली जाते, हे ज्याने त्याने बघावं.

सात माणसं

१६ जानेवारी २००३. पुन्हा कोलंबिया. हे उड्डाण पुन्हा पुन्हा लांबलेलं होतं. या वेळी सगळं विज्ञानाचं काम: सोळा दिवस, सुमारे ऐंशी प्रयोग. सात जण दोन पाळ्यांत, चोवीस तास.

सातांपैकी आणखी एकाची गोष्ट सांगायलाच हवी. इलान रामोन, इस्रायलचा पहिला अंतराळवीर. त्याची आई आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेली. त्याने सोबत एका पेन्सिलीच्या चित्राची प्रत नेली होती, चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं ते चित्र. ते काढलं होतं पेत्र गिन्झ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने, नाझींच्या कैदेत असताना. तो मुलगा पुढे आउशवित्झमध्ये मारला गेला. एकाच यानात एक फाळणीतून आलेल्या घरातली आणि एक छळछावणीतून वाचलेल्या घरातला. विसाव्या शतकाने उखडून टाकलेल्या दोन घरांची मुलं पाळीला एकत्र होती.

उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. फोम म्हणजे हलकी वस्तू, पाऊण किलोचा तुकडा. पण टक्कर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने झाली होती. कडेला भोक पडलं. सोळा दिवस वर काहीच जाणवलं नाही. जमिनीवरच्या काही इंजिनिअरांना शंका आली होती. पंखाचे जवळून फोटो मिळवा, असं त्यांनी सुचवलं. व्यवस्थापनाने ते पुढे नेलं नाही. याआधीही फोम पडलाच होता, काही झालं नव्हतं, हा विचार आड आला.

१ फेब्रुवारी २००३ ला परतताना त्या भोकातून तापलेले वायू पंखात शिरले. उतरायला सोळा मिनिटं उरली असताना यान टेक्सासच्या आकाशात फुटलं. त्याच टेक्सासच्या, जिथे वीस वर्षांपूर्वी ती शिकायला आली होती. रिक हसबंड, विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इलान रामोन आणि कल्पना चावला. सात जण गेले. कल्पना चाळीस वर्षांची होती.

चौकशी मंडळाने फोमइतकंच बोट संस्थेच्या सवयींवर ठेवलं. शंका घेणाऱ्याचा आवाज वरपर्यंत पोचत नव्हता, असं स्पष्ट लिहिलं. स्पार्टनच्या वेळी पाच महिने थांबून खरं शोधणारी संस्था या वेळी सोळा दिवसांत एका फोटोसाठी थांबली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

राख कुठे जाते

तिची राख तिच्या इच्छेप्रमाणे अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात विखुरली गेली. कर्नालला आली नाही.

मराठी माणसाला इथे दुसरी एक बाई आठवायला हवी. आनंदीबाई जोशी. फेब्रुवारी १८८३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिने बंगालात श्रीरामपूरला भर सभेत सांगितलं की मी वैद्यक शिकायला अमेरिकेला का जाते आहे. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली, परतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तिची राख समुद्रापार, तिला लेकीसारखं ठेवणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाकडे गेली आणि पोकिप्सीला ठेवली गेली. आज तिचं नाव शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आहे.

आनंदीबाई निघाली तेव्हा तिच्यावर शेण-दगड फेकणारे आपलेच होते, आणि परतल्यावर मिरवणारेही आपलेच. कल्पनाच्या काळात दगड नव्हते, पण मिरवणं आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम तसाच राहिला. ५ फेब्रुवारी २००३ ला, अपघातानंतर चौथ्या दिवशी, इस्रोच्या हवामान उपग्रहाला ‘कल्पना-१’ हे नाव दिलं गेलं. कर्नालच्या सरकारी मेडिकल कॉलेजला तिचं नाव आहे. हे सगळं योग्यच. पण हे सगळं ती गेल्यानंतरचं.

तिचं स्वतःचं म्हणणं काय होतं? वरून तारे आणि आकाशगंगा पाहताना आपण जमिनीच्या एका तुकड्याचे वाटत नाही, सूर्यमालेचे वाटतो, अशा अर्थाचं ती बोलली होती. म्हणून ती कर्नालला विसरली, असं मात्र नाही. आपल्या जुन्या शाळेतली मुलं दरवर्षी नासाच्या उन्हाळी कार्यक्रमाला यावीत, ही व्यवस्था तिने करून दिली. सूर्यमालेची नागरिक झाल्यावरही टागोर बाल निकेतनचा पत्ता तिच्याकडे होता.

समोसा आणि सॉसेज

सुनीता विल्यम्सकडे बघा. ती तर भारतात जन्मलीच नाही. वडील दीपक पंड्या गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या झुलासणचे, मेंदूचा अभ्यास करणारे डॉक्टर. आईचं घराणं स्लोव्हेनियातून आलेलं. सुनीताचा जन्म ओहायोतला, १९६५ चा. तिने स्थानकावर समोसे नेले, गणपतीची मूर्ती नेली, आणि स्लोव्हेनियाचा झेंडा व तिथलं सॉसेजही नेलं. झुलासणच्या देवळात तिच्यासाठी दिवा लावला जातो, तसं स्लोव्हेनियातही तिचं कौतुक होतं. दोघांचं भांडण होत नाही. जून २०२४ मध्ये आठ दिवसांसाठी गेलेली ती २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतली, तेव्हा दोन्हीकडे जीव भांड्यात पडला.

पण तिच्याही गोष्टीत एक साल लपलेलं आहे. ती अमेरिकेच्या नौदल अकादमीतून १९८७ मध्ये बाहेर पडली, हेलिकॉप्टर चालवलं, टेस्ट पायलट झाली, मग अंतराळवीर. त्या अकादमीचं दार मुलींना १९७६ मध्ये उघडलं होतं. आपल्या खडकवासल्याच्या एन.डी.ए.त मुलींची पहिली तुकडी आली २०२२ मध्ये, तीही सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये परीक्षेला बसू द्या म्हटल्यावर. मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ मुली बाहेर पडल्या. १९७६ आणि २०२२. मधली ४६ वर्षं मोजा.

२०२४ मध्ये गगनयानसाठी निवडलेल्या चौघांची नावं जाहीर झाली. चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट, चौघेही पुरुष. त्यांतले शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर जाऊन आले, अभिमानाची गोष्ट आहे. पण भारताचं नागरिकत्व असलेली एकही स्त्री अजून अंतराळात गेलेली नाही. कारण शोधायला लांब जायला नको. लढाऊ विमानांचं दार स्त्रियांना २०१६ मध्ये उघडलं. पहिल्या तिघींत होती अवनी चतुर्वेदी, आपल्या शेजारच्या रीवा-शहडोलकडची मुलगी. टेस्ट पायलट व्हायला त्यानंतर कित्येक वर्षांचा अनुभव लागतो. निवड त्या रांगेतून होणार असेल, तर रांगेत उभं राहायलाच उशीर झाला आहे.

मग ती आपली कधी झाली?

कर्नालला जन्मली म्हणून ती आपली, हे उत्तर सोपं आहे, पण त्यात आपण काही केलेलं नाही. आपण जे केलं ते मोजू: एका छोट्या गावात फ्लाइंग क्लब होता. एका आईने पाठ राखली. एका सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजने मुलीला एरोनॉटिकलला घेतलं. इतक्यापुरती ती नक्की आपली आहे. १९८२ नंतरचं मात्र दुसऱ्या देशाने उघडलेल्या दारांतून झालं, आणि तिथला हक्क सांगताना आवाज थोडा खाली ठेवावा.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात नववी-दहावीतली एखादी मुलगी असेल. तिला कल्पनाचा धडा पाठ असेलच. तो म्हणून घेऊ नका. तिला कुठल्या परीक्षेला बसायचं आहे, फॉर्म कधी निघतो, त्यासाठी नागपूरला किंवा भोपाळला कोणी सोबत जायचं, हे विचारा. एन.डी.ए.चा फॉर्म आता मुलींसाठी खुला आहे, हे अजून कितीतरी घरांत माहीत नाही. एवढं सांगितलंत तरी आजचा भाग कारणी लागला.

आणि ती मुलगी उद्या लांब गेली, तिथलीच झाली, तर तिला ‘मूळची कुठली’ म्हणून ओढून आणू नका. कर्नालसारखा पत्ता तिच्याजवळ राहू द्या, तिला वाटेल तेव्हा ती लिहील.

या भागात इतकंच. तुमच्या गावच्या, तुमच्या घरच्या अशा लांब गेलेल्या मुलींच्या गोष्टी आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.